सावलीच्या भिंतीवरची वेल: वाढत नाही, चढत नाही, फुलत नाही

घरामागच्या भिंतीशी मी एकाच खड्ड्यात तीन वेली मारल्या. पहिली मेली तेव्हा म्हटलं, रोपच मरतुकडं होतं. दुसरी मेली तेव्हा सावलीला बोल लावला. तिसरी मात्र सावलीतही तग धरणारी, चिवट म्हणून नावाजलेली हनीसकल होती. दुसऱ्याच महिन्यात तीही पानं टाकायला लागली, तेव्हा खुरपं घेऊन बसले. तीन दिवस झड लागून गेली होती, अंगणात पाय रुतत होते. भिंतीलगतचा बोटभर थर ओला होता आणि त्याखाली माती कोरडी ठाक. मुठीत धरली तर पिठासारखी बोटांतून निसटायची. तिथून हातभर अलीकडे खुरपं घातलं तर चिखल. आणखी खोल गेले तर विटांचे तुकडे, घट्ट झालेलं सिमेंट, चुन्याची ढेकळं आणि एक गंजकी थापी. बांधकामाचा सगळा राडारोडा पायाशी ढकलून त्यावर चार इंच माती पसरून ठेवलेली.

तेव्हापासून कुणी सावलीतल्या वेलीची तक्रार घेऊन आलं की मी आधी भिंतीचा पाया बघते. सावली हे कारण असतंही, पण क्वचितच एकटं असतं. बरेचदा दुखणं मुळाशी असतं, नाहीतर आपल्या हातातल्या कात्रीत. खाली लक्षणांप्रमाणे लिहिलंय. आपलं लक्षण कोणतं ते बघून तिथून वाचायला सुरुवात केली तरी चालेल, पण ऊन मोजायचं काम कुणी टाळू नये.

आधी ऊन मोजा

‘आमच्या भिंतीवर ऊनच येत नाही’ हे वाक्य मी पुष्कळदा ऐकलंय आणि ते पूर्ण खरं निघालेलं फार थोड्या वेळा पाहिलंय. सुट्टीच्या दिवशी सकाळपासून दर तासाला भिंतीवर एक नजर टाका आणि थेट ऊन पडलेले तास लिहून ठेवा. सहा तासांच्या वर असेल तर ती सावली नव्हेच. तीन ते सहा म्हणजे अर्धसावली. तीनच्या खाली असेल तर खरी सावली म्हणायची. हे काम दोन वेगळ्या ऋतूंत करायला हवं. उत्तर गोलार्धात उत्तरेकडे तोंड असलेल्या भिंतीला हिवाळ्यात थेट ऊन मिळत नाही. जूनच्या आसपास मात्र सूर्य ईशान्येला उगवून वायव्येला मावळतो, त्यामुळे त्याच भिंतीला सकाळी आणि संध्याकाळी तिरपं ऊन मिळतं. विषुववृत्त आणि कर्कवृत्त यांच्या मधल्या पट्ट्यात तर त्या दिवसांत भर दुपारीसुद्धा सूर्य थोडा उत्तरेला असू शकतो. हिवाळ्यात बघून लावलेली नाजूक वेल उन्हाळ्यात करपते ती त्यामुळेच. दक्षिण गोलार्धात दिशा उलट धरा.

थेट ऊन नसेल तर उजेड किती आहे ते कागदावर बघा. दुपारी वेलीच्या जागी पांढरा कागद धरून त्याच्या वीतभर वर हात धरा. बोटं वेगवेगळी ओळखू येतील अशी सावली पडली तर उजेड चांगला आहे. नुसता धूसर डाग दिसला तर सावलीत फुलणाऱ्या वेलीच निवडा. डागही दिसला नाही तर फुलांची आशा सोडा.

लक्षण एक: रोप जागचं हलत नाही

सगळ्यात जास्त वेली इथेच जातात. भिंत पाऊस अडवते, आणि वर छज्जा किंवा पन्हळ असेल तर पायाशी थेंबही पोचत नाही. शिवाय वीट आणि पायाचं काम आजूबाजूची ओल शोषून घेतं. आपण मात्र ‘सावलीत आहे, कमी पाणी लागेल’ असं म्हणून हात आखडता घेतो. वरून ओली दिसणारी माती आत कोरडी असते.

तपासायची रीत सोपी आहे. खोडाच्या बाजूला भिंतीकडे आणि भिंतीपासून लांब असे दोन ठिकाणी वीतभर खोल खड्डे घ्या. दोन्हीकडची माती मुठीत दाबून बघा. गोळा झाला आणि बोटाने टोचल्यावर फुटला तर ओल बरोबर आहे. गोळाच होत नसेल तर वेल तहानलेली आहे. गोळा चिकट राहून हाताला पाणी सुटत असेल तर उलटा त्रास आहे, त्याबद्दल पुढे सांगते.

कोरडेपणावर रोज शिंपडा मारून काही होत नाही. रोजच्या तांब्याभर पाण्याने मुळं वरच राहतात. आठवड्यातून एकदा-दोनदा एक बादली पाणी अगदी हळू, जिरेल तसं द्या. पाणी खोडाच्या बुंध्यात ओतू नका, थोडं लांब गोल आळं करून त्यात सोडा. वर दोन इंच पालापाचोळा पसरा, पण तो खोडाला टेकवू नका, बुंधा कुजतो. पहिली दोन वर्षं हा नेम मोडायचा नाही.

नवं रोप लावणार असाल तर ते भिंतीला चिकटून लावूच नका. दीड फूट अलीकडे खड्डा घ्या, दीड फूट लांब, रुंद आणि खोल. राडारोडा दिसला तर उचलून बाहेर टाका, ‘निचऱ्याला बरा’ म्हणून परत आत ढकलू नका. रोप लावण्याआधी त्याचा मातीचा गड्डा बादलीत बुडवा आणि बुडबुडे यायचे थांबेपर्यंत राहू द्या. मुळं भिंतीच्या उलट दिशेला पसरतील अशी मांडा. कुंडीत गोल गोल फिरलेली मुळं बोटांनी मोकळी करा, जुनी जाड असतील तर दोन-तीन ठिकाणी छेद द्या. मग एक काठी तिरपी भिंतीला टेकवून वेल तिच्यावरून न्या. दीड फूट चालत जाऊन भिंत गाठायला वेलीला काहीच त्रास होत नाही.

आता उलटा त्रास. माती चिकण असेल आणि जागा खोलगट असेल तर सावलीत ओल हटतच नाही. पानं माना टाकतात, आपण आणखी पाणी घालतो आणि मुळं कुजतात. मुळाचा तुकडा काढून बघा. पांढरट, कडक असेल तर ठीक. तपकिरी, बोटांत साल निघून येणारा, वास मारणारा असेल तर पाणी बंद करा आणि रोप काढून उंचवट्यावर लावा. खत घालून अशी मुळं सुधारत नाहीत.

एक अपवाद. थंड हवेत सावलीच्या भिंतीसाठी चढता हायड्रेंजिया लावतात. ही वेल पहिली दोन-तीन वर्षं नुसती भिंतीकडे बघत बसते. आत मुळं पसरत असतात, वर चार पानं. लोक कंटाळून तिला उपटून दुसरीकडे लावतात आणि घड्याळ पुन्हा शून्यावर येतं. पानं निरोगी असतील तर तिच्या वाटेला जाऊ नका. पुढे हीच वेल दहा-बारा मीटर उंच जाते. तिची फुलं पांढरीच येतात. कुंडीतल्या हायड्रेंजियासारखी मातीप्रमाणे निळी-गुलाबी होतील म्हणून तिच्या मातीशी खेळत बसू नये.

लक्षण दोन: पानं पिवळी पडतात

कोणती पानं पिवळी पडतात ते बघा. शेंड्याकडची कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या असतील तर वेलीला लोह मिळत नाहीये. मातीत लोह असतं, पण भिंतीच्या चुना-सिमेंटामुळे माती अल्कधर्मी होते आणि मुळांना ते उचलता येत नाही. चिमूटभर कोरडी माती बशीत घेऊन त्यावर व्हिनेगर टाका. फसफसली तर चुना आहे. राडारोडा काढणं, कुजलेल्या पानांचं खत घालणं आणि तात्पुरता उतार म्हणून चिलेटेड लोह (मुळांना उचलता येईल अशा रूपातलं लोह) देणं, एवढं करा. अशा मातीत लाकडाची राख टाकू नका. राख फुलांना चांगली असं सगळे सांगतात, पण ती अल्कधर्मीपणात भरच घालते.

खालची जुनी पानं सबंध पिवळी होऊन गळत असतील तर नत्राची कमतरता असू शकते किंवा वरच्या दाटीमुळे खाली उजेड पोचत नसेल. दाटी असेल तर खत नको, विरळणी हवी.

लक्षण तीन: वेल भिंतीला धरत नाही

इथे घोळ असा होतो की वेल म्हटली की ती आपोआप चढते असं आपण धरून चालतो. प्रत्येकीची तऱ्हा वेगळी. हनीसकल, थनबर्जिया, स्टार जस्मिन या पीळ घेतात, त्यांचं खोडच आधाराभोवती गुंडाळतं. सपाट भिंतीवर त्यांना गुंडाळायला काही नसतं, त्यामुळे त्या पायाशी ढिगासारख्या पडतात. कृष्णकमळाला तणावे असतात. क्लेमॅटिस तर पानाच्या देठाने धरतो, त्याला बोटाहून जाड काठी पकडताच येत नाही, बारीक तार किंवा जाळीच लागते. चढता हायड्रेंजिया आणि आयव्ही खोडावरच्या मुळांनी थेट भिंतीला चिकटतात. बोगनवेल कशालाच धरत नाही, काट्यांनी नुसती अडकते. तिला बांधावंच लागतं.

पीळ घेणारीला उभी तार द्या. आडव्या तारा असतील तर दर दीड फुटाला एक आणि प्रत्येक तारेशी वेल सैल बांधा. तार आणि भिंत यांत दोन इंचांचं अंतर हवं, म्हणजे खोड मागून फिरू शकतं आणि हवा खेळती राहते. ड्रिलने भोक पाडून त्यात स्क्रू धरणारी गिट्टी (प्लग) बसवा, त्यात हुकाचा स्क्रू आणि त्याला गंज न चढणारी तार. नुसत्या खिळ्यांवर भागवलं तर वेल मोठी झाल्यावर पावसाचं पाणी प्यालेल्या पानांचं वजन सगळा डोलारा खाली आणतं. माझा एकदा मध्यरात्री आला. चोर शिरला असं वाटून सगळं घर जागं झालं.

गुंडाळायची दिशाही ठरलेली असते. वरून पाहिलं तर बहुतेक पीळदार वेली घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरतात, हनीसकल मात्र काट्यांच्या दिशेने. आपण हौसेने उलटी गुंडाळली तर दोन दिवसांत शेंडा सुटून लोंबताना दिसतो. म्हणून शेंड्याजवळ आधार आणून ठेवा आणि बाकीचं तिच्यावर सोडा. शेंडा स्वतःच चकरा मारत आधार शोधतो. चार्ल्स डार्विनने उबदार दिवसांत हॉपच्या (बिअरमध्ये घालतात त्या) वेलीच्या शेंड्याला एका फेरीला सरासरी २ तास ८ मिनिटं लागतात असं मोजलं होतं. वेलींवरचं त्याचं हे काम १८६५मध्ये छापलं गेलं. तुम्हीही करून बघा. सकाळी चहाच्या वेळी शेंड्याच्या टोकासमोर भिंतीवर खडूने खूण करा आणि अर्ध्या तासाने या.

मुळांनी चिकटणाऱ्या वेलीची तक्रार वेगळी असते. ‘चिकटली होती, सुटली, आता परत चिकटत नाही.’ ती चिकटणारही नाही. एकदा सुटलेली जुनी मुळं पुन्हा भिंत धरत नाहीत, नव्या कोंबाची नवी मुळंच धरतात. सुटलेली फांदी मागे छाटा. नवे कोंब फुटले की पहिला हंगाम त्यांना चिकटपट्टीने किंवा दोऱ्याने भिंतीला अगदी लगटून ठेवा. गुळगुळीत तेलरंगावर आणि भुकटी सुटणाऱ्या डिस्टेंपरवर मुळं टिकत नाहीत. चिकटली का हे बघायला ओढून पाहायचा मोह फार होतो, तो आवरा. भिंतीचं म्हणाल तर मजबूत गिलाव्याला ही मुळं सहसा इजा करत नाहीत, पण आधीच पोकळ झालेला गिलावा सोबत घेऊन खाली येतात. लावण्याआधी भिंतीवर टकटक करून बघा, पोकळ आवाज आला तर आधी गवंडी बोलवा.

लक्षण चार: पानं रग्गड, फूल एक नाही

पहिला संशय कात्रीवर घ्या. काही वेली गेल्या वर्षीच्या पिकलेल्या फांदीवर फुलतात, काही याच वर्षीच्या नव्या फुटीवर. चढता हायड्रेंजिया पहिल्या प्रकारातला. त्याला हंगाम सुरू होण्याआधी ‘नीटनेटका’ केला की त्या वर्षाची फुलं कचऱ्यात जातात. त्याची छाटणी फुलं संपल्या संपल्या करायची. थनबर्जिया नव्या फुटीवर फुलते, तिला वाढीचा हंगाम सुरू होण्याआधी छाटलं तर उलट जास्त फुलते. हनीसकलमध्ये दोन्ही प्रकार आहेत, आणि रोपवाटिकेच्या चिठ्ठीवर भरवसा ठेवण्यात अर्थ नाही. मराठीत मधुमालती म्हणून मिळणारी वेल वेगळी, पण काही जण हनीसकललाही तेच नाव देतात. दोघींची फुलं रंग बदलतात, त्यामुळे गोंधळ वाढतो. मधुमालतीचं फूल पांढरं उमलून गुलाबी आणि मग लाल होतं, जपानी हनीसकलचं पांढऱ्याचं पिवळं होतं. मधुमालतीला ऊन लागतं. सावलीत ती नुसती पानांचा डोंगर करते, आणि बिचारीला दोष लागतो.

आपली वेल कोणत्या प्रकारची हे ओळखायला वर्षभर कात्री बाजूला ठेवा. फूल आलं की त्याचा देठ धरून मागे मागे जा. थोड्याच अंतरावर तपकिरी, खरखरीत, जुनं लाकूड लागलं तर पहिला प्रकार. हातभर हिरवी कोवळी फांदीच असेल तर दुसरा.

होयाची गोष्ट सांगायलाच हवी, कारण ही चूक मी दोन वर्षं सलग केली. होया अर्धसावलीत सुरेख फुलते. मेणाच्या चांदण्यांचा झुबका गळून गेला की मागे इंचभर बोडका देठ राहतो, दिसायला वाळलेल्या काडीसारखा. मी तो प्रत्येक वेळी टवटवीत पानापर्यंत स्वच्छ कापून टाकायची. होया त्याच देठावर पुन्हा पुन्हा फुलते. जवळून बघितलं तर त्याच्या टोकाशी गेल्या झुबक्यांचे बारीक खवले एकावर एक बसलेले दिसतात. दोन वर्षांची फुलं मी स्वतःच्या हाताने कापली होती.

दुसरा संशय खतावर. पानं गडद, मोठी, लुसलुशीत आणि फुलं शून्य म्हणजे नत्र जास्त झालं. जवळ हिरवळ असेल आणि तिला खत टाकत असाल तर वेल मुकाट्याने वाटा उचलत असते. एक हंगाम काहीही देऊ नका.

तिसरी तक्रार अशी की फुलं येतात, पण भिंतीच्या माथ्यावर, शेजाऱ्याला दिसतील अशी. आपल्या बाजूला नुसत्या उघड्या काड्या. यात उजेडाचा वाटा आहेच, पण फांदी सरळ उभी वाढली की शेंडा खालच्या डोळ्यांना, म्हणजे फांदीवरच्या न फुटलेल्या कोंबांना, दाबून ठेवतो. तीच फांदी आडवी केली की हा दाब कमी होतो आणि जागोजागी डोळे फुटतात. म्हणून वेल लहान असतानाच फांद्या पंख्यासारख्या पसरा, माथ्याकडे पळणारी फांदी वाकवून आडव्या तारेला बांधा. कोवळी असतानाच वाकवा, पिकली की कडकन मोडते. जुन्या, खालून उघड्या पडलेल्या हनीसकलसाठी दरवर्षी सगळ्यात जाड खोडांपैकी एक तृतीयांश जमिनीपासून हातभर उंचीवर कापा. तीन वर्षांत वेल नवी होते. धीर नसेल तर एकदम सगळी कापूनही ती बहुधा परत फुटते, पण मग त्या वर्षी फुलांची वाट बघू नका.

हे सगळं तपासून झालं तरी फूल नसेल तर मग सावलीकडे वळा. दोन पानांमधलं अंतर बघा. उजेडातल्या भागापेक्षा सावलीतल्या भागात ते दुप्पट झालं असेल, फांद्या लुकड्या होऊन एकाच दिशेला ताणल्या असतील, तर वेल उजेडासाठी धावते आहे. समोरच्या भिंतीला पांढरा रंग दिला तर बराच फरक पडतो. झाडाची सावली असेल तर त्याच्या खालच्या दोन-तीन फांद्या काढून बघा.

भुरी आणि कीड

हनीसकलच्या पानांवर पिठासारखी भुरी येते ती बहुधा मुळं कोरडी आणि हवा कोंडलेली असल्यामुळे. पाणी सुधारा, विरळणी करा, नुसत्या फवारणीने ती दर हंगामात परत येते. पानं चिकट आणि काळी झाली असतील तर काळं धुऊन थांबू नका. वर मावा, खवले कीड किंवा पिठ्या ढेकूण बसलेला असतो आणि त्याच्या गोड स्रावावर ती काळी बुरशी वाढते. मुंग्यांची रांग कुठे जाते ते बघितलं की कीड सापडते. पाण्याचा जोराचा फवारा, मग सौम्य साबणाचं पाणी पानांच्या खालून, आठवड्याने पुन्हा.

वेल बदलायची कधी

थेट ऊन दोन तासांच्या खाली असेल आणि तिथे बोगनवेल किंवा मधुमालती असेल तर तिच्यावर वर्षं घालवू नका, उन्हात हलवा. तिच्या जागी थंड हवेत चढता हायड्रेंजिया, उबदार हवेत होया किंवा पांढऱ्या पेल्यातून लाल फूल डोकावणारी क्लेरोडेंड्रम थॉम्सोनी बघा. अर्धसावलीत स्टार जस्मिनही चांगली. जपानी हनीसकल लावण्याआधी मात्र आपल्या भागात तिला मनाई नाही ना ते बघा. उत्तर अमेरिका आणि न्यूझीलंडमध्ये ती रानात घुसून उपद्रवी ठरली आहे. मोठ्या निळ्या फुलांच्या थनबर्जियाने ऑस्ट्रेलियात तेच केलं.

माझी चौथी हनीसकल भिंतीपासून दीड फुटावर आहे. खड्ड्यातून सहा घमेली राडारोडा निघाला. पहिल्या वर्षी ती गुडघ्याएवढीच राहिली आणि मी रोज जाऊन बघायची. तिसऱ्या वर्षी आडव्या केलेल्या फांद्यांवर कमरेच्या उंचीला पहिली फुलं आली. भिंतीचा उजवा कोपरा, पाण्याच्या टाकीमागचा, अजून उघडाच आहे. तिथे कागदावर डागसुद्धा पडत नाही, म्हणून तिथे नेचे लावलेत.